नवं ब्लेड लावलं तरी कट तिरका येतो: बँडसॉचं ब्लेड बदलणं, ताण आणि गाईडचं सेटिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात एकांनी वापरलेलं १० इंची, दोन खांबांचं सेमी-ऑटो बँडसॉ मशीन (दोन चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्टीनं धातू कापणारं) घेतलंय, त्याचा फोटोही पाठवलाय. मुख्य काम ७५ मिमीचे ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) राउंड बार कापायचं, मधेच कुणाचे पाइप आले तर तेही. ब्लेड २७ × ०.९ मिमी, बायमेटल, ३/४ टीपीआय. पहिल्या ब्लेडचे दात ओळीनं गेले. दुसऱ्याचा कट खाली येईपर्यंत दीड-दोन मिमी तिरका जायला लागला. तिसरं आणून ठेवलंय, पण लावायचा धीर होत नाही. ब्लेड नीट कसं बदलायचं, सेट कसं करायचं, दुकानदार बोगस माल देतोय का, आणि चालतं ब्लेड कधी काढायचं, असं ते विचारतायत.

आधी दुकानदाराचं बघू. ब्लेडचा जोड वाकडा असला तर दोष त्याचा. पण तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टी जोडाच्या नाहीत. तुमची दोन ब्लेडं दोन वेगळ्या कारणांनी गेली आहेत आणि दोन्ही कारणं मशीनपाशीच आहेत. ती न शोधता तिसरं ब्लेड चढवलंत तर तेही त्याच वाटेनं जाईल. बायमेटल ब्लेड स्वस्त नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दात गेले ते पाइपामुळे, याबद्दल मला शंका नाही. ३/४ टीपीआय म्हणजे एका इंचात तीन ते चार दात, म्हणजे दोन दातांमधलं अंतर साडेसहा ते साडेआठ मिमी. ७५ मिमीच्या भरीव बारमध्ये एका वेळी नऊ-दहा दात धातूत असतात, हे उत्तम. पण पाइपाची भिंत ३ मिमीची. ती थेट दोन दातांच्या मधल्या खाचेत बसते आणि पुढचा दात तिच्यावर आपटतो. एक दात तुटला की त्याच्या वाट्याचं काम मागच्यावर पडतं, तोही जातो, आणि बघता बघता वीतभर पट्टी बोडकी होते. नियम साधा आहे: कितीही पातळ जागा असो, किमान तीन दात धातूत हवेत, सहा ते बारा असले तर चांगलंच. दीड-दोन इंची, ३ मिमी भिंतीच्या पाइपाला ८/१२ किंवा १०/१४ टीपीआयचं वेगळं ब्लेड ठेवा. पाइपाचं काम फार येत नसेल तर ते सरळ नाकारा किंवा चॉप सॉवर करा. चार पाइपांच्या मजुरीसाठी बारचं ब्लेड घालवू नका.

आता तिरका कट. इथं बहुतेक जण हातात ॲलन की घेऊन गाईड (ब्लेडला कटाच्या दोन्ही बाजूंना धरून सरळ ठेवणारे आधार) फिरवायला लागतात. तसं करू नका. तिरकेपणा कुठल्या दिशेला आणि किती, हे मोजल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही. मोजायला एक चकती कापा, पण ती कापायची रीत आहे. बारचं तोंड एकदा कापून घ्या. बारच्या वरच्या बाजूला खडूनं खूण करा. व्हाइस सैल करून बार जागेवर अर्धा फेरा फिरवा, म्हणजे खूण बरोबर खाली जाईल. मग १५ मिमीची चकती कापा. बार न फिरवता कापलीत तर चकतीची दोन्ही तोंडं सारखीच तिरकी येतात, जाडी सगळीकडे एकच भरते आणि मशीन बरोबर आहे असं वाटतं. फिरवून कापली की चूक दुप्पट होऊन दिसते. व्हर्निअरनं चार ठिकाणी मोजा: वर, खाली, तुमच्या बाजूला, पलीकडे. जो फरक येईल त्याच्या निम्मी खरी चूक.

वर आणि खाली यांत फरक असेल तर ब्लेड उभ्यात तिरकं आहे किंवा कापताना सरकतंय. अलीकडे-पलीकडे फरक असेल तर ब्लेड आणि बार यांच्यातला काटकोन बिघडलाय, म्हणजे व्हाइसचा स्थिर जबडा बघायचा. ब्लेडचा तिथं काही संबंध नाही. तिसरी गोष्ट चकतीच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे बघायची. तोंड सपाट पण कललेलं असेल तर गाईड तिरके बसलेत. तोंडाला पोट आलं असेल, एका चकतीला खळगा आणि समोरच्या तोंडाला फुगवटा, तर ताण कमी आहे किंवा तुम्ही फीड (ब्लेड जॉबमध्ये खाली उतरायचा वेग) जास्त दिलंय. सपाट तिरकेपणा आणि पोट यांचे उपाय अगदी वेगळे आहेत, म्हणून हे आधी बघायचं. चकत्यांवर तारीख घालून त्या कपाटात ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला लागतात.

मग ब्लेड काढा. मेन स्विच बंद, आणि नुसतं पॅनेलचं लाल बटण नव्हे, तर आयसोलेटर खाली आणि किल्ली तुमच्या खिशात. हेल्परनं न बघता बटण दाबल्याचे प्रकार आपल्याच पट्ट्यात घडलेत. हातात चामड्याचे मोजे, डोळ्यांवर चष्मा. मशीनचं चाक फिरत असताना मात्र मोजे चालायचे नाहीत, ते ब्लेडमध्ये ओढले जातात. मोजे ब्लेड हाताळण्यापुरतेच.

फ्रेम थोडी वर घेऊन खालून लाकडी ठोकळा लावा. हायड्रॉलिकच्या भरवशावर हात खाली घालू नका. वायर ब्रश बाजूला करा. ताणाचं हँडव्हील उलटं फिरवून ब्लेड ढिलं करा, आधी गाईडमधून सोडवा आणि मग चाकांवरून उतरवा. उतरवलेलं ब्लेड लगेच भंगारात टाकू नका. त्याच्याकडे पाच मिनिटं बघा, कारण मशीनमध्ये काय बिघडलंय ते त्याच्यावर लिहिलेलं असतं. पाठीची कड चकाकून पसरली असेल, बाहेर ओठ आला असेल, तर टॉप गाईडवर, म्हणजे पाठीला वरून आधार देणाऱ्या गाईडवर, ब्लेड रेटलं जातंय. पाठीकडून आत आलेल्या बारीक चिरा म्हणजे तेच, किंवा चाकाच्या फ्लँजला (चाकाच्या एका बाजूच्या उंच कडेला) पाठ घासतेय. दातांच्या खाचेतून निघालेल्या चिरा असतील तर ताण फार आहे किंवा बाजूचे गाईड ब्लेडला आवळतायत. पट्टीच्या एकाच बाजूवर खोल ओरखडे असतील तर त्या बाजूच्या कार्बाइड गाईडला खाच पडलीय. दातांची टोकं एका बाजूला जास्त गोल झाली असतील, तर ब्लेड त्याच्या उलट, धारदार बाजूकडे ओढत जातं. तुमच्या दुसऱ्या ब्लेडचं हे शेवटचं लक्षण नीट तपासा. ब्रश झिजून दाताला लागत नसेल तर चिप (कापलेल्या धातूचा कीस) खाचेतच राहते, पुन्हा कटात जाते आणि एका बाजूचे दात खाते.

मग साफसफाई. हवेच्या पाइपानं फुंकू नका. बारीक चिप डोळ्यात जाते, नाही गेली तर बेअरिंगमध्ये जाते. जुना पेंटब्रश आणि चिंधी पुरे. चाकांच्या धावेवर चिकटलेली चिप नखानं नाही निघाली तर लाकडाच्या चिपाटीनं काढा. त्या धावेवर ब्लेड बसतं. तिथं कण राहिला की प्रत्येक फेऱ्याला ब्लेड उचललं जातं. आपल्याकडच्या पावसाळ्यात शेड ओली राहते आणि दोन दिवस बंद मशीनच्या चाकावर गंज धरतो. तो पॉलिश पेपरनं हलकेच घालवा. फ्लँज बोटानं चाचपा, धारेसारखी झाली असेल तर चाक टर्निंगला द्यायची वेळ आलीय.

गाईडचं बेअरिंग हातानं फिरवा. खरखर लागली किंवा वर-खाली खेळ लागला तर बदलाच. ही सील्ड बेअरिंगं कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात, किंमत ब्लेडच्या मानानं काहीच नाही. आणि तरी लोक जुन्याच बेअरिंगवर नवं ब्लेड चढवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कार्बाइड पॅडवर नख फिरवा. खाच लागली तर पॅड फिरवून दुसरी बाजू वापरा किंवा ग्राइंड करून घ्या.

आता नवं ब्लेड. हे तीन वेढ्यांत गुंडाळलेलं असतं आणि सोडलं की स्प्रिंगसारखं उसळतं. अंगापासून लांब, जमिनीवर धरून एक एक वेढा सोडा. शेजारी कुणी उभं नको. दातांवरचं प्लॅस्टिकचं कव्हर आत्ता काढू नका. आधी जोड बघा. उद्यमनगरात कॉइलमधून तोडून जोडून देतात, काम बहुतेक चांगलं असतं, तरी तपासायचंच. पाठीच्या कडेला ३०० मिमीची पोलादी पट्टी जोडावर मध्य येईल अशी लावा. पट्टी आणि ब्लेड यांत उजेड दिसला, म्हणजे ब्लेड जोडाशी कोनात आहे, तर परत द्या. जोडाचा फुगवटा दोन्ही बाजूंनी घासून पट्टीएवढा सपाट केलेला हवा. तो राहिला तर गाईडमधून जाताना प्रत्येक फेऱ्याला टक् टक् वाजतं, आणि प्रत्येक टक् गाईडच्या पॅडवर बसते. जोडापाशी दोन दातांमधलं अंतर बाकीच्यांसारखं आहे का, तेही बघा.

दातांची दिशा: कापणाऱ्या भागात दात ज्या दिशेला तोंड करून असतात, त्याच दिशेला ब्लेड चालायला हवं. बहुतेक मशीनवर आणि ब्लेडवर बाण असतो. दात उलटे दिसले तर ब्लेड चुकीचं आलंय असं समजू नका. दोन्ही हातांनी पट्टी पिळून आतली बाजू बाहेर काढली की दात बरोबर होतात.

चढवताना आधी गाईडमध्ये बसवा, मग चाकांवर. गाईडमध्ये पट्टीला पीळ द्यावा लागतो. दाबून कोंबू नका, गाईडचा बोल्ट सैल करून घाला. पाठ दोन्ही चाकांवर फ्लँजच्या बाजूला आली की ढिलाई निघेल एवढाच ताण द्या. कव्हर आता काढा.

ताणाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिरक्या कटाची निम्मी प्रकरणं इथं संपतात. बोटानं टिचकी मारून आवाज ऐकणं, अंगठ्यानं दाबून बघणं, हे जुन्या मिस्त्रींना जमतं कारण ते त्याच मशीनवर आयुष्यभर असतात. तुम्ही मशीन नवीन घेतलंय, तुम्ही मोजा. २७ × ०.९ च्या बायमेटल ब्लेडला साधारण ३०० न्यूटन प्रति चौरस मिमी एवढा ताण लागतो. पट्टीचा छेद २४.३ चौरस मिमी, म्हणजे पट्टीवर जवळजवळ साडेसातशे किलोचा ओढा, आणि चाकाच्या शाफ्टवर वरची-खालची पट्टी मिळून त्याच्या दुप्पट. वाळत घालायची दोरी ढिली असली की एका कपड्यानंही झोल खाते, ताणलेली असली की तेच ओझं सरळ पेलते. ब्लेडलाही खालून बार रेटतो, तेव्हा त्याला सरळ ठेवणारा हा ताणच असतो.

ब्लेडच्या डीलरकडे टेन्शन मीटर असतं, एकदा बोलावून लावून घ्या. नसेल तर व्हर्निअरनं होतं. ब्लेड सरळ होण्याइतका ताण देऊन झाला की, मोकळ्या लांबीवर व्हर्निअरचे दोन जबडे बरोबर २०० मिमी अंतरावर छोट्या क्लॅम्पनं पट्टीला धरा, व्हर्निअरचा लॉक स्क्रू सैल ठेवा. आता हँडव्हील फिरवत जा आणि वाचन बघा. पोलाद किती ताणलं की किती लांबतं हे ठरलेलं आहे: २०० मिमीत ०.२ मिमी वाढ झाली की ताण सुमारे २१० न्यूटन, ०.२९ मिमी झाली की सुमारे ३००. व्हर्निअर ०.०२ चं असेल तर हे सहज वाचता येतं. मशीनच्या पुस्तकात कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची, जुन्या मशीनचा स्लाइड आणि शाफ्ट तेवढाच भार घेऊ शकतो. नीट ताण आला की हँडव्हीलच्या निर्देशकावर रंगानं खूण करा. पुढच्या वेळी व्हर्निअर लागणार नाही.

ताण जास्त दिला तर बरंच, असं काही जण म्हणतात. तसं नाही. ब्लेडला नुसता ताण नसतो, ते प्रत्येक चाकावर वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. साडेतीन मीटर लांबीचं ब्लेड मिनिटाला ६० मीटर चाललं तर तासाला दोन हजारांहून जास्त वेळा वाकतं. वाकण्याचा ताण आणि ओढीचा ताण यांची बेरीज होते आणि खाचेतून चिरा सुटतात. याच कारणानं, जाड ब्लेड टिकेल म्हणून तुमच्या मशीनवर १.१ मिमीचं ब्लेड लावायच्या भानगडीत पडू नका. लहान चाकावर जाड पट्टी जास्त ताणानं वाकते आणि लवकर तुटते.

ताण दिल्यावर दार बंद करून मोटर क्षणभर चालू-बंद करा. ब्लेड चाकावर कुठं चालतंय ते बघा: पाठ फ्लँजच्या जवळ, पण घासत नाही, एक-दीड मिमी मोकळी. मशीनच्या पुस्तकात वेगळं अंतर दिलं असेल तर ते. ब्लेड बाहेर यायला बघत असेल किंवा फ्लँजवर चढत असेल तर मोटरनं फिरणाऱ्या चाकाचा नव्हे, दुसऱ्या, ताण देणाऱ्या चाकाचा कल बदलायचा. स्क्रू पाव फेऱ्यानं फिरवा, पुन्हा चालू-बंद करा, पुन्हा बघा. एकदम अर्धा-पाऊण फेरा फिरवला की ब्लेड उडतं. फ्लँज घासतो की नाही हे कळायला कागदाची पट्टी पाठ आणि फ्लँज यांच्यात मशीन बंद असताना सरकवून बघा. ती मोकळी जायला हवी. ट्रॅकिंग बसल्यावर ताण पुन्हा खुणेवर आणा, कल बदलला की ताणही हलतो.

आता गाईड. तुमच्या तिरक्या कटाचं मूळ मला इथंच दिसतंय, कारण मशीनच्या फोटोत हलता गाईड आर्म पार टोकाला आहे आणि बार मात्र ७५ मिमीचा. २५० मिमीची जागा उघडी ठेवून तुम्ही ७५ चा जॉब कापताय. नुसत्या वाकण्याचा हिशेब धरला तर आधारातलं अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच रेट्यानं पट्टी आठ पट झुकते. ताण त्यातलं बरंच सांभाळतो, पण सगळं नाही. आर्म जॉबपासून १०-१५ मिमीवर आणा आणि घट्ट करा. दर वेळी जॉबचा व्यास बदलला की आर्म हलवायचा, ही सवय ऑपरेटरला पहिल्या दिवसापासून लावा. एवढ्या एका गोष्टीनं निम्मा तिरकेपणा गेलेला मी कितीतरी वर्कशॉपमध्ये बघितलाय.

ब्लेड उभं आहे का, हे बघायला बेडवर गुण्या ठेवून तो पट्टीच्या अंगाला लावा. दातांना सेट असतो, ते बाहेर आलेले असतात. त्यामुळे गुण्याची कड दातांना टेकू न देता फक्त पट्टीला टेकवा. उजेड दिसला तर त्या गाईडचा बोल्ट सैल करून गाईड किंचित फिरवा. दोन्ही गाईडपाशी वेगवेगळं तपासा. बाजूच्या बेअरिंगपैकी एक बेअरिंग सहसा एक्सेंट्रिक बोल्टवर असतं, त्यानं पट्टी आणि बेअरिंग यातली फट कमी-जास्त होते. फट एवढी की दोन्ही बाजू मिळून ०.०५ मिमीचं फिलर गेज जेमतेम जाईल. पट्टी हातानं सरकायला हवी, पण डावी-उजवीकडे हलता कामा नये. आवळून ठेवलीत तर दोन तासांत पट्टी गरम होते. टॉप गाईडला पाठ जेमतेम टेकलेली हवी, रिकामं चालताना तिच्यावर रेटा नको. रेटा कापताना आपोआप येतो.

वायर ब्रश दाताच्या खाचेच्या तळापर्यंत पोचला पाहिजे, त्यापलीकडे पट्टीवर घासता कामा नये. फिरत नसलेला ब्रश म्हणजे ब्रश नसल्यासारखाच. कुलंट, म्हणजे कटावर सोडायचं तेल-पाणी, विरघळणाऱ्या तेलाचं, ८ ते १० टक्के. टाकीत आधी पाणी घ्या आणि वरून तेल ओता, उलटं केलं की दह्यासारख्या गुठळ्या होतात. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि तेल मागे राहतं, तेव्हा टॉप-अप पातळ द्यायचा. कुलंटमधलं तेलाचं प्रमाण दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर असला तर अंदाजावर राहायची गरज उरत नाही, ते लहानसं उपकरण आहे, घेऊन ठेवा. कुलंटचा वास यायला लागला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, नुसतं तेल वाढवून वास जात नाही.

ब्लेड लागलं. दोन-तीन मिनिटं रिकामं चालवा, थांबवून ताणाची खूण पुन्हा बघा. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्याकडे शंभरातले फारच थोडे लोक करतात: नवं ब्लेड रुळवणं.

बायमेटल ब्लेडची पाठ लवचिक स्प्रिंग स्टीलची असते आणि दातांची कड एम-४२ हायस्पीड स्टीलची, ज्यात सुमारे ८ टक्के कोबाल्ट असतं. ही दोन पोलादं इलेक्ट्रॉन बीमनं जोडलेली असतात. नव्या दाताचं टोक इतकं तीक्ष्ण असतं की पहिल्याच कटाला पूर्ण फीड दिलं तर टोकाचे अगदी सूक्ष्म तुकडे उडतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण दाताची धार खडबडीत होते आणि तिथून झीज सुरू होते. हळू कापलं तर तेच टोक घासून किंचित गोल होतं, आणि ते गोल टोक टिकतं. म्हणून पहिले ३०० ते ६०० चौरस सेमी फीड निम्म्यावर ठेवायचं, ब्लेडचा वेग नेहमीच्या जवळच ठेवायचा. तुमच्या ७५ मिमीच्या बारचा छेद ४४ चौरस सेमी, म्हणजे साधारण दहा-बारा कट. एरवी अडीच मिनिटांत कापत असाल तर पहिल्या दोन-तीन कटांना पाच मिनिटं द्या, मग दर दोन कटांनंतर थोडं थोडं वाढवा. फीड इतकंही कमी नको की दात नुसते घासतील. कटाला चिप यायलाच हवी. कर्कश आवाज किंवा थरथर आली तर वेग किंचित बदलून बघा. अर्जंट माल दारात उभा असला की हे नकोसं वाटतं, हे मला कळतं. पण जी पंधरा-वीस मिनिटं वाचतात ती ब्लेडच्या आयुष्यातून वळती होतात.

अर्धवट कापलेल्या जुन्या कटात नवं ब्लेड कधीही घालू नका. जुन्या ब्लेडचा सेट झिजलेला असतो, त्यानं पाडलेली खाच नव्या दातांना अरुंद पडते, ब्लेड अडकतं आणि पहिल्या मिनिटाला दात जातात. बार फिरवून दुसऱ्या बाजूनं कापायला घ्या, आणि जुन्या खाचेला भेटायच्या आधी फीड सोडा.

वेग: ईएन-८ ला मिनिटाला ५० ते ६० मीटर, साध्या एमएसला (माइल्ड स्टीलला) ६० ते ८०, उष्णतेनं कडक केलेल्या ईएन-२४ ला ३५ ते ४५, एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ ला ३० ते ४०, एचसीएचसी म्हणजे डी-२ या डाय स्टीलला २० ते ३०. हे सुरुवातीचे आकडे, शेवटचं चिप सांगते. चांगली चिप चंदेरी, मोकळी गुंडाळलेली, हाताला कोमट. निळी किंवा जळकी चिप आली तर रेटा किंवा वेग जास्त आहे. पिठासारखी बारीक चिप आली तर फीड कमी आहे, दात कापत नाहीत, घासतायत. एसएस कापताना पिठासारखी चिप ही तर धोक्याची खूण, कारण घासलेली जागा कडक होते आणि पुढचा दात तिथं बोथट होतो. एसएसमध्ये मधेच फीड थांबवून ब्लेड नुसतं फिरवत ठेवू नका.

आपल्याकडे, शिरोलीपासून कागलपर्यंत, बँडसॉवर नुसते बार येत नाहीत, फाउंड्रीतून आलेली कास्टिंगंही येतात, रायझर आणि रनर (ओतकामात तयार होणारे जास्तीचे भाग) कापायला. अशी विनंती तुमच्याकडेही आज ना उद्या येईल, म्हणून आत्ताच सांगतो. कास्टिंगच्या सालीवर मोल्डिंगची वाळू भाजून चिकटलेली असते. वाळूचा कण हायस्पीड स्टीलच्या दातापेक्षा कडक असतो. शॉट ब्लास्ट केल्याशिवाय कास्टिंग ब्लेडखाली घेऊ नका, आणि ज्यानं पाठवलंय त्याला हे आधीच स्पष्ट सांगा. ग्रे आयर्नला कुलंट नको, कोरडंच कापायचं. ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं आणि कुलंटमध्ये त्याची भुकटी मिसळली की टाकीत काळा चिखल होतो. बारसाठी रुळवलेलं ब्लेड कास्टिंगला आणि कास्टिंगचं बारला, अशी अदलाबदल टाळा. कास्टिंगला एक ब्लेड वेगळं ठेवून त्याच्यावर रंगाची खूण करा.

रुळवून झालं की पुन्हा चकती कापा, त्याच पद्धतीनं, बार अर्धा फेरा फिरवून. ७५ मिमीच्या बारला खरी चूक ०.२ मिमीच्या आत आली तर तुमच्या मशीनसाठी ती छान आहे, पुढं लेथवर जाणाऱ्या मालाला पुरेशी. अजून वर-खाली फरक असेल आणि तोंड सपाट असेल तर गाईड पुन्हा गुण्यात आणा, एका वेळी एकच गाईड, आणि प्रत्येक बदलानंतर चकती. दोन बदल एकदम केलेत तर कशानं फरक पडला हे कधीच कळत नाही. पोट दिसत असेल तर आधी फीड कमी करून एक चकती कापा. त्यानं गेलं तर गाईडला हात लावायचं कारण नाही. अलीकडे-पलीकडे फरक असेल तर व्हाइसच्या स्थिर जबड्याचे बोल्ट सैल करून, लांब गुण्या जबड्याला आणि ब्लेडच्या पट्टीला लावून जबडा सेट करा. वापरलेलं मशीन आहे, आधीच्या मालकानं कोनात कापायला जबडा फिरवून तसाच आवळला असण्याची शक्यता भरपूर.

संध्याकाळी मशीन बंद करताना, निदान सुट्टीच्या आदल्या दिवशी तरी, ताण तीन-चार फेरे उतरवा आणि हँडव्हीलला "ढिलं आहे" अशी पाटी अडकवा. रात्रभर ताणात राहिलेल्या ब्लेडला चाकाचा बाक बसतो, चाकाच्या बेअरिंगवरही भार राहतो. पाटी मात्र विसरू नका, सकाळी कोणी ढिल्या ब्लेडवर फीड दिलं तर ते चाकावरून उतरतंच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, चालतं ब्लेड कधी काढायचं. तुटेपर्यंत वाट बघू नका. पहिल्या दिवशीच्या चांगल्या कटाचा वेळ वहीत लिहून ठेवा. त्याच फीडला तोच बार कापायला दीडपट वेळ लागायला लागला, कटाचा आवाज बदलला, किंवा चकतीत तिरकेपणा वाढत चालला आणि गाईड-ताण बरोबर असूनही थांबेना, तर ब्लेड संपलं. ते काढून कमी महत्त्वाच्या, भरीव एमएसच्या कामाला, जिथं माप ढिलं चालतं, थोडं वापरा. पाइपाला नको. तिसऱ्या ब्लेडचं काय झालं ते चकतीच्या मापांसह कळवा. चारही जागची मापं आणि बार फिरवला होता की नाही, एवढं लिहिलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.